कपिलधारचा कडा मागं का सरकतो?

नेकनूरहून मांजरसुंब्याकडे गेलं की बालाघाटाच्या डोंगरात कपिलधार लागतं. पावसाळ्यात संत मन्मथस्वामींच्या समाधीजवळ इथं धबधबा कोसळतो. हा कडा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, थरावर थर साचून बनलेला. काही थर टणक, तर काही सच्छिद्र आणि ठिसूळ. पाणी ठिसूळ थर आधी पोखरतं. टणक थर वर छज्ज्यासारखा उरतो, खाली कपार तयार होते. आधार सुटला की छज्जा तुटतो आणि धबधबा मागं सरकतो.  पायथ्याशी पडलेले धोंडे याचाच पुरावा. म्हणून पावसाळ्यात कपारीखाली किंवा कड्याच्या टोकावर उभे राहू नका. थर लांबूनच न्याहाळा.