ब्रेकपॉइंटवर पाऊल पडतं तेव्हा

वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी करून दिली आणि 1983 मध्ये तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात लोणी, संगमनेर आणि कोपरगाव इथे कॉलेजं उभी राहिली. पुणे विद्यापीठाच्या मायक्रोप्रोसेसर प्रॅक्टिकलने इथल्या संगणक शाखेच्या कितीतरी तुकड्यांची असेंब्लीशी गाठ घालून दिली. नॅझम या असेंब्लरने प्रोग्रॅम जुळवायचा, जीडीबी या डीबगरमध्ये उघडायचा, ब्रेकपॉइंट लावायचा आणि स्टेपआय देत पुढे जायचं. हात बसतो, ओरलही पार पडते. पण ब्रेकपॉइंट आणि एकेक पाऊल एकाच जागी भेटले की डीबगर काय करतो, याबद्दलचे गैरसमज नोकरीला लागल्यावरही टिकून राहतात. दहा ओळींचा प्रोग्रॅम लिहून ते स्वतः तपासता येतात आणि तपासायलाच हवेत.

पहिला गैरसमज सगळ्यांत पक्का: ब्रेकपॉइंट ही डीबगरच्या वहीतली नोंद असते, प्रोग्रॅमला हात लागत नाही. इंटेलच्या प्रोसेसरवर साधा ब्रेकपॉइंट लावला की जीडीबी त्या पत्त्यावरचा एक बाइट काढून बाजूला ठेवतो आणि तिथे हेक्स सीसी, म्हणजे इंट-3 ही इन्स्ट्रक्शन लिहितो. मेमरी बघायला मागितली, तर मात्र तो मूळचाच बाइट दाखवतो. म्हणून ही लबाडी लक्षात येत नाही.

ती उघडी पाडायला स्क्रीनवर एक ओळ छापणारा प्रोग्रॅम पुरतो. त्यात ‘मूव्ह ईएएक्स, 1’ आणि लगेच ‘मूव्ह ईडीआय, 1’ असू द्या; दोन्ही 5 बाइटच्या. दुसरीचे बाइट बीएफ 01 00 00 00. स्टार्टआय देऊन पहिल्या इन्स्ट्रक्शनवर थांबा, ब्रेकपॉइंट स्टार्टपासून सहा बाइट पुढे, म्हणजे दुसऱ्या इन्स्ट्रक्शनच्या पोटात लावा आणि कंटिन्यू द्या. प्रोग्रॅम थांबत नाही आणि ओळही छापत नाही. त्या 01 च्या जागी सीसी बसलेला असतो, त्यामुळे ईडीआयमध्ये 1 ऐवजी 204 जातो आणि न उघडलेल्या 204 क्रमांकाच्या फाइलवर लिहिण्याचा प्रयत्न फसतो. तोच ब्रेकपॉइंट एचब्रेकने लावला तर ओळ बिनबोभाट छापली जाते, कारण हार्डवेअर ब्रेकपॉइंट प्रोसेसरच्या डीबग रजिस्टरमध्ये राहतो, मेमरीला शिवत नाही. अशी रजिस्टरं चारच असतात, म्हणून सरसकट ती वापरता येत नाहीत.

“स्टेपआय म्हणजे बरोबर एक इन्स्ट्रक्शन” हेही पूर्ण खरं नाही. पाऊल टाकताना प्रोसेसरच्या फ्लॅग रजिस्टरमधला ट्रॅप फ्लॅग उचलला जातो आणि प्रोसेसर स्वतःच थांबून डीबगरला उठवतो. ब्लॉक ट्रान्सफरच्या प्रॅक्टिकलमध्ये आरसीएक्समध्ये 5 ठेवून ‘रेप मूव्हएसबी’ लिहा आणि स्टेपआय देत राहा. बाण त्याच ओळीवर खिळतो. बदलतो फक्त आरसीएक्स, 5 चा 4, 4 चा 3. डीबगर अडकला असं वाटून मुलं तो बंद करतात. प्रत्यक्षात प्रत्येक आवर्तनानंतर ट्रॅप येत असतो. त्याच ओळीवर ब्रेकपॉइंट असेल तर कंटिन्यू दिल्यावरही तुम्ही एका आवर्तनानंतर तिथेच परत थांबता. याच्या उलटही घडतं. स्टॅक सेगमेंट बदलणाऱ्या ‘मूव्ह एसएस’नंतर प्रोसेसर ट्रॅप एका इन्स्ट्रक्शनपुरता लांबवतो, आणि एका पावलात दोन इन्स्ट्रक्शन होऊन जातात. या बारकाव्याचा अर्थ भल्याभल्यांनी चुकीचा लावला होता: मे 2018 मध्ये विंडोज, लिनक्स आणि मॅकओएस या तिघांनाही त्यापायी सुरक्षा दुरुस्त्या काढाव्या लागल्या.

आता गाठीची जागा. काहीच न करणाऱ्या ‘नॉप’ या इन्स्ट्रक्शन शेजारशेजारी दोन ठेवून दोन्हींवर ब्रेकपॉइंट लावा. नॉप एका बाइटची आणि इंट-3 ही एका बाइटची, त्यामुळे दोन्ही नीट बसतात. पहिल्यावर थांबून स्टेपआय दिलं की पुष्कळांची अपेक्षा असते की जीडीबी फक्त पाऊल पूर्ण झाल्याचं सांगेल आणि पुढच्या कंटिन्यूला दुसरा ब्रेकपॉइंट लागेल. तसं होत नाही. दुसऱ्या नॉपवरचा सीसी चाललेलाच नसतो, तरी तिथे पोहोचताच जीडीबी ‘ब्रेकपॉइंट 2’ जाहीर करतो आणि इन्फो ब्रेकपॉइंट्समधला त्याचा आकडा एकाने वाढवतो. नंतर कंटिन्यू दिलं की त्या जागेवरून गुपचूप एक पाऊल टाकून पुढे जातो, म्हणजे एकाच भेटीची नोंद दोनदा होत नाही.

डीबगर लिहिणाऱ्याची खरी कसोटी इथेच लागते. इंट-3 चालल्यावर इन्स्ट्रक्शन पॉइंटर एक बाइट पुढे गेलेला असतो, म्हणून डीबगरला त्यातून 1 वजा करावा लागतो. एका बाइटच्या इन्स्ट्रक्शनवरून पाऊल टाकलं तरी पॉइंटर नेमका तिथेच येतो, आणि लिनक्सवर दोन्ही वेळा सिग्नल सिगट्रॅपच. वजाबाकी चुकीच्या वेळी झाली तर प्रोग्रॅम एक इन्स्ट्रक्शन मागे सरकतो आणि ती पुन्हा चालवतो. नॉपला त्याने फरक पडत नाही, म्हणून चाचणीत नॉपऐवजी एका बाइटची ‘पुश आरएएक्स’ ठेवावी. ती दोनदा चालली तर आरएसपी 8 ऐवजी 16 ने उतरतो आणि चूक लपत नाही. जीडीबीच्या स्वतःच्या चाचण्यांमध्ये लागोपाठच्या ब्रेकपॉइंटांसाठी वेगळी फाइल आहे, ती उगाच नाही.

सगळे डीबगर इथे सारखेच वागतात, असंही धरून चालू नये. एलएलडीबी या डीबगरच्या कर्त्यांनी 2024 मध्ये, पत्त्यावर पोहोचताच ब्रेकपॉइंट लागला असं धरण्याचा नियम बदलायला घेतला: ब्रेकपॉइंटच्या पत्त्यावर येऊन थांबणं वेगळं आणि तो खरोखर लागणं वेगळं मानायचं.

नेक्स्टआय या कमांडने कॉल ओलांडला की आतले ब्रेकपॉइंट दुर्लक्षिले जातात, हा समज तर फॅक्टोरियलच्या प्रॅक्टिकललाच मोडतो. नेक्स्टआय फंक्शनच्या परतीच्या पत्त्यावर तात्पुरता ब्रेकपॉइंट ठेवून प्रोग्रॅम मोकळा सोडतो. आत तुमचा ब्रेकपॉइंट असेल तर तो लागतोच. रिकर्शनमध्ये आतले कॉलही त्याच पत्त्यावर परततात, म्हणून आपली फेरी कोणती हे डीबगरला स्टॅकवरून ओळखावं लागतं. आणि आत थांबल्यावर कंटिन्यू दिलं, तर जीडीबी अर्धवट राहिलेलं नेक्स्टआय विसरलेला असतो. वाटेत पुन्हा ब्रेकपॉइंट लागला नाही, तर प्रोग्रॅम पार शेवटपर्यंत धावतो. एलएलडीबी ते राखून ठेवतो आणि कॉलनंतरच्या ओळीवर येऊन थांबतो. चाचणी लिहिताना अपेक्षित उत्तर म्हणून यातलं कोणतं धरायचं, हे डीबगर पाहून आधी ठरवावं लागतं.