हिरवे ठिपके आणि मधली शेते

हिवाळ्यात आठवीच्या वर्गात प्रोजेक्टरवर विदर्भाचा उपग्रह नकाशा लावला आणि विचारले, "जंगल किती दिसते?" "भरपूर, मॅडम!" मग मी त्यावर एका वाघाची वाट बोटाने फिरवली.

यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला हा तरुण नर. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याच्या गळ्यात जीपीएस पट्टा बसवला गेला. पुढे तो स्वतःची हद्द शोधायला निघाला आणि सुमारे ९ महिन्यांत ३,००० किलोमीटरहून जास्त चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात स्थिरावला. त्याचे नावच 'वॉकर' पडले. पट्ट्याने टिपलेल्या त्याच्या हजारो जागा नकाशावर मांडल्या, तेव्हा दिसले की तो पुष्कळसा शेतांतून, नाल्याकाठाने, रस्ते ओलांडत गेला होता. दिवसा झुडपात दडायचा, रात्री चालायचा. म्हणजे आपल्याला सलग वाटणारे जंगल त्याच्यासाठी तुकडे होते.

हे तुकडे मोजण्याची रीत शिकवण्याजोगी आहे. जंगल, पाणी, रस्ते, वस्त्या यांचे वेगवेगळे थर ट्रेसिंग पेपरसारखे संगणकात एकावर एक ठेवायचे. नकाशाचे बारीक चौकोन पाडून प्रत्येकाला गुण द्यायचे : झाडीला कमी, शेताला जास्त, महामार्गाला फार जास्त. ज्या वाटेची बेरीज सर्वांत कमी, ती जनावराला सोपी. ती कुठे अगदी चिंचोळी होते, हेही कळते. यासाठीचे क्यूजीआयएस सॉफ्टवेअर फुकट मिळते. शाळेचा संगणक मात्र चालू हवा! पण गुण शेवटी माणूसच देतो. ते चुकले तर वाटही चुकते, म्हणून वॉकरसारख्यांच्या खऱ्या खुणांशी ती ताडून पाहावी लागते.

तुटलेली वाट जोडताही येते. पेंचच्या जंगलातून जाणारा नागपूर–जबलपूर महामार्ग काही ठिकाणी पुलांवर उचलला आहे. २०१९ मध्ये त्या पुलांखालच्या कॅमेऱ्यांनी १८ जातींचे वन्यप्राणी टिपले, त्यांत ११ वाघ होते.

पण शेतावर पूल कसा बांधणार? मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे लाइट रात्रीच येते. अब्बा रात्रीच हरभऱ्याला पाणी द्यायला जातात."

माझ्या थरांमध्ये हे कुठेच नव्हते. मी फळ्यावर आणखी एक थर लिहिला : रात्रीची वीज. दुसऱ्या दिवशी मुले आपापल्या गावचे विजेचे वेळापत्रक वहीत उतरवून घेऊन आली.