ट्रकचे कूलंट जाते कुठे? गळती कशी शोधतात?

ट्रकच्या टाकीतले कूलंट दर दोन-तीन दिवसांनी कमी होते, पण गाडीखाली थेंबही दिसत नाही. मग वरून पाणी ओतून गाडी पुढे काढली जाते. जड डिझेल इंजिनात ही सवय महागात पडते. बंद यंत्रणेतले कूलंट वारंवार कमी होत असेल, तर ते कुठेतरी गळत असते.

बाहेरची गळती

आधी रेडिएटर, होस पाइप, क्लॅम्प आणि वॉटर पंप तपासतात. पंपाच्या खालच्या बाजूला लहान छिद्र असते. तिथून थेंब सतत पडू लागले, तर आतले सील खराब झाले असे समजावे. गरम इंजिनावर थेंब पडण्याआधीच वाळतो आणि मागे फक्त डाग राहतो. म्हणून इंजिन थंड असताना टाकीच्या झाकणाच्या जागी हातपंप बसवून झाकणावर लिहिलेला दाब भरतात. काटा खाली आला आणि बाहेर काहीच ओले नसेल, तर गळती आत आहे.

आतली गळती

• टाकीत सतत बुडबुडे: हेड गॅस्केट किंवा हेडला तडा
• गरम झाल्यावरही पांढरा, गोडसर वासाचा धूर: कूलंट जळते आहे, ईजीआर कूलरही तपासावा
• टाकीत तेलाचा तवंग: बहुधा ऑइल कूलर
• दुधाळ इंजिन ऑइल: ऑइल कूलर, हेड गॅस्केट किंवा लायनरचे रबरी रिंग

लायनरचा संशय असल्यास ऑइल चेंबर उतरवून पुन्हा दाब देतात. थेंब ज्या लायनरखाली दिसतो, तोच दोषी. लायनरच्या कंपनामुळे कूलंटमध्ये बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि धातूला बारीक खड्डे पाडतात. योग्य कूलंटमधली रसायने हे रोखतात, नुसते पाणी रोखत नाही.

दुरुस्ती

होस किंवा पंप बदलणे सोपे असते. हेड उतरवले, तर ते सपाट आहे का, तडा आहे का, हे तपासूनच नवे गॅस्केट घालावे आणि बोल्ट कंपनीने दिलेल्या क्रमाने व टॉर्कने आवळावेत. दूषित ऑइल व फिल्टर बदलावेत, नाहीतर बेअरिंग झिजतात. सिलिंडरमध्ये कूलंट साचले असताना स्टार्टर मारला, तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

गरम इंजिनाचे झाकण मात्र कधीही उघडू नये. सुमारे १ बार जादा दाबाखाली साधे पाणीही १२० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. झाकण सैल होताच ते उसळून बाहेर येते.