घरगुती वाय-फाय जाळ्यातील बिघाडांचे निदान

घरगुती वाय-फाय जाळ्यातील बिघाडांचे निदान म्हणजे घरातील बिनतारी इंटरनेट जोडणी वारंवार तुटत असल्यास, मंदावत असल्यास किंवा ठरावीक खोल्यांतच चालत असल्यास दोष नेमका कोणत्या टप्प्यावर आहे हे क्रमाने ठरवण्याची पद्धत होय. पूर्णपणे बंद पडलेल्या जाळ्यातील दोष बहुधा लवकर सापडतो. अधूनमधून बिघडणाऱ्या जाळ्याचे निदान मात्र अवघड असते, कारण तंत्रज्ञ घरी येतो तेव्हा सर्व काही सुरळीत चालू असते. घराचे बांधकाम, हवामान आणि वीजपुरवठा यांवर हे दोष मोठ्या प्रमाणात अवलंबून असतात. या लेखातील उदाहरणे मुख्यतः रत्नागिरी जिल्ह्यातील आहेत. जांभ्या दगडाची घरे, वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस आणि खारी हवा यांमुळे बिनतारी जाळ्याच्या बहुतेक अडचणी तेथे एकत्र पाहावयास मिळतात.

पार्श्वभूमी

वाय-फाय हे आयईईई या संस्थेच्या ८०२.११ या मानकावर आधारलेले तंत्रज्ञान आहे. या मानकाची पहिली आवृत्ती १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ च्या जानेवारीतील अधिसूचनेने परवान्याविना वापरास खुला झाला आणि ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील वापराची मुभा ऑक्टोबर २०१८ मध्ये विस्तारण्यात आली. परवाना लागत नाही याचा दुसरा अर्थ असा की, शेजाऱ्याच्या उपकरणाने अडथळा आणल्यास त्याविरुद्ध संरक्षणही मिळत नाही.

२०२० मधील टाळेबंदीत शाळा-महाविद्यालयांचे वर्ग दूरस्थ पद्धतीने भरू लागले. मोबाईलचा संकेत मिळावा म्हणून कोकणातील विद्यार्थ्यांना डोंगरावर जाऊन अभ्यास करावा लागल्याच्या बातम्या तेव्हा प्रसिद्ध झाल्या. त्याच वर्षी ३ जून रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली आणि मंडणगड तालुक्यांतील वीज व दूरध्वनी सेवा दीर्घकाळ विस्कळीत केली. प्रवेशअर्ज, शिष्यवृत्ती, परीक्षा यांसारखी मुदतीची कामे इंटरनेटवर आल्यापासून घरातील जोडणी भरवशाची असणे ही चैन राहिलेली नाही.

जोडणीची साखळी

बोलण्यात ‘वाय-फाय गेले’ असे सरसकट म्हटले जाते. प्रत्यक्षात वाय-फाय हा साखळीतील शेवटचा दुवा असतो. सेवादात्याच्या केंद्रातून निघालेली फायबरची तार खांबांवरून, पुष्कळदा माडा-पोफळींच्या आधाराने, घरापर्यंत येते. घरातील एक पेटी (ओएनटी) प्रकाशाच्या स्पंदांचे विद्युत संकेतांत रूपांतर करते. राउटर ते घरातील उपकरणांना वाटून देतो. त्यापुढचा राउटर ते मोबाईल एवढाच टप्पा वाय-फायचा असतो. अनेक घरांत पेटी आणि राउटर एकाच डब्यात असल्यामुळे हा फरक नजरेआड होतो आणि तारेतील दोषासाठी नवा राउटर विकत घेतला जातो.

पहिली चाचणी

निदानाची सुरुवात साखळीचे दोन भाग वेगळे करून होते. संगणक केबलने थेट राउटरला जोडावा आणि जोडणी तुटण्याची वाट पाहावी. केबलवरही खंड पडत असेल तर दोष राउटरमध्ये किंवा त्याच्या अलीकडे, म्हणजे तार, पेटी अथवा सेवादाता यांच्याकडे आहे. केबलवर सर्व सुरळीत असून मोबाईलवरच खंड पडत असेल, तर दोष हवेतील टप्प्यात आहे.

केबल नसल्यास ‘पिंग’ या आज्ञेने जवळपास तेच साधते. एका खिडकीत राउटरच्या पत्त्यावर (बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१) आणि दुसऱ्या खिडकीत बाहेरच्या एखाद्या पत्त्यावर (उदाहरणार्थ ८.८.८.८) सतत पिंग चालू ठेवतात. दोन्ही उत्तरे एकाच वेळी थांबली तर वाय-फाय किंवा स्वतः राउटर संशयित ठरतो. राउटरचे उत्तर येत राहिले आणि बाहेरचे थांबले, तर राउटरपलीकडील मार्ग दोषी असतो. दोन्ही उत्तरे येत असूनही संकेतस्थळे उघडत नसतील, तर नावांचे पत्त्यांत रूपांतर करणारी डीएनएस सेवा तपासावी.

राउटर बंद करून पुन्हा चालू करणे हा सार्वत्रिक उपाय आहे. त्याने राउटरची भरलेली स्मृती मोकळी होते, नवा चॅनल निवडला जातो, तापलेला डबा थोडा निवतो. मात्र त्याबरोबर बिघाडाचा पुरावाही पुसला जातो. अनेक राउटरांतील घटनांची नोंद वीज जाताच नष्ट होते. त्यामुळे बटण दाबण्यापूर्वी वेळ आणि पेटीवरील दिव्यांची स्थिती लिहून ठेवावी. ‘लॉस’ या नावाचा दिवा लाल असेल तर फायबरमधून प्रकाश पुरेसा येत नाही. अशा वेळी राउटरची कोणतीही मांडणी बदलून उपयोग होत नाही.

भिंती आणि अंतर

संकेताची तीव्रता डेसिबेल-मिलिवॉट या एककात ऋण संख्येने दर्शवतात. मोबाईलवरील साध्या अ‍ॅपमध्ये ती दिसते. उणे ५० च्या आसपासचा संकेत उत्तम मानला जातो, दृक्‌श्राव्य संभाषणासाठी तो उणे ६७ पेक्षा दुर्बल नसावा अशी सर्वसाधारण अपेक्षा असते, आणि उणे ८० च्या आसपास जोडणी तुटक होते. हे प्रमाण लघुगणकी आहे. १० डेसिबेलची घट म्हणजे शक्ती दहापट कमी. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाल्यास ६ डेसिबेल जातात. जाड दगडी भिंत एकटीच त्याहून अधिक संकेत खाऊ शकते, म्हणून अशा घरात राउटरपासूनच्या अंतरापेक्षा मधल्या भिंतींची संख्या महत्त्वाची ठरते.

रत्नागिरीतील चिऱ्यांच्या भिंती शहरी सदनिकांतील अर्ध्या विटेच्या आतील भिंतींपेक्षा जाड असतात, आणि जुन्या घरांत तर त्यांची रुंदी खिडकीत बसता येईल इतकी असते. फायबरची तार रस्त्याच्या बाजूने येत असल्याने पेटी आणि राउटर पडवीत किंवा ओटीवर बसवले जातात. तेथून माजघर ओलांडून स्वयंपाकघरापर्यंत किंवा मागील खोलीपर्यंत पोहोचताना तरंगांना तीन-चार भिंती भेदाव्या लागतात. जांभ्यात लोह असते म्हणून तो संकेत अडवतो, असा एक समज आहे. जांभ्यातील लोह मुख्यतः ऑक्साइडांच्या रूपात असते आणि ती धातूच्या पत्र्यासारखी वीजवाहक नसतात. भिंतीची जाडी आणि सच्छिद्र दगडात मुरलेले पाणी ही अधिक विश्वासार्ह कारणे आहेत. खरा धातू असतो तो स्लॅबच्या सळ्यांत, गोदरेजच्या कपाटात आणि गळती टाळण्यासाठी स्लॅबवर घातलेल्या पत्र्यांत.

२.४ गिगाहर्ट्झ तरंगांची लांबी सुमारे १२.५ सेंटिमीटर, तर ५ गिगाहर्ट्झची सुमारे ६ सेंटिमीटर असते. दुसरा पट्टा वेगवान असतो, पण भिंतींमध्ये तो अधिक क्षीण होतो. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलेले असल्यास मोबाईल कधी एकावर, कधी दुसऱ्यावर जातो आणि ‘याच जागी सकाळी चालत होते’ अशी तक्रार निर्माण होते. निदान होईपर्यंत दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावे देणे सोयीचे असते.

बिनखर्चाचा आणि बहुधा सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे राउटर घराच्या मध्याकडे, उंचावर, दारांच्या रेषेत हलवणे. कौलारू घरात माळ्याची वाट उपयोगी पडते, कारण लाकडी वासे आणि कोरडी कौले चिऱ्यांच्या मानाने तरंगांना कमी अडवतात. टीव्हीमागे, फ्रिजवर किंवा देवघराच्या कोनाड्यात ठेवलेला राउटर दिसत नाही हे खरे, पण तो नीट ऐकूही येत नाही.

पाऊस

जोरदार पावसात डीटीएचचे चित्र जाते, म्हणून वाय-फायही पावसामुळेच मंदावते असे अनुमान काढले जाते. डीटीएचचे संकेत १० गिगाहर्ट्झहून अधिक वारंवारतेचे असतात आणि ते पावसाच्या जाड थरातून येतात. वाय-फायच्या वारंवारतेवर पावसाचे थेंब दर किलोमीटरला डेसिबेलच्या अंशाइतकीच घट करतात. घरातील पंधरा-वीस मीटरच्या अंतरावर ती मोजताही येणार नाही.

तरीही पावसाळ्यात जाळे बिघडते ही तक्रार खोटी नसते, फक्त तिचे कारण वेगळे असते. ओली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा अधिक तरंग शोषते. मागच्या घराला किंवा आंब्याच्या बागेतील मांगराला झाडांमधून संकेत पाठवला असेल, तर ओल्या पालवीमुळे तो आणखी क्षीण होतो. एप्रिलमध्ये जेमतेम चालणारी जोडणी जुलैत साथ सोडते. पडलेल्या फांदीने तार ओढली जाते आणि फायबरला घडी पडते. तंतू तुटला नाही तरी तीव्र वळणातून प्रकाश बाहेर गळतो. प्रचलित जीपॉन प्रणालीतील पेटीची ग्रहणमर्यादा सामान्यतः उणे २७ डेसिबेल-मिलिवॉटपर्यंत असते. तिच्या काठावर आलेली जोडणी वाऱ्याच्या झोतासरशी तुटते आणि पुन्हा जुळते. हा आकडा अनेक पेट्यांच्या माहिती-पानावर दिसतो आणि तक्रार करताना सर्वाधिक उपयोगी पडतो.

खाऱ्या दमट हवेत केबलच्या टोकांवरील संपर्कबिंदू गंजतात. अशी केबल पूर्ण बंद पडत नाही, पण तिचा वेग एक गिगाबिटवरून शंभर मेगाबिटवर घसरतो. टोक काढून पुन्हा बसवल्यावर काही दिवस सुधारणा दिसत असेल तर केबलच बदलावी.

वीजपुरवठा

क्षणभर वीज जाऊन आली तर दिवा नुसता लुकलुकतो, पण पेटी आणि राउटर नव्याने सुरू होतात आणि जोडणी परत येण्यास काही मिनिटे लागतात. परीक्षा देणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने ती तीन मिनिटे आणि तासाभराची खंडितता यांत फारसा फरक नसतो. बहुतेक पेट्या आणि राउटर १२ व्होल्टवर चालतात, आणि त्यांच्यासाठी छोटे यूपीएस मिळतात. पेटी आणि राउटर वेगळे असतील तर दोघांनाही आधार द्यावा लागतो. राउटर इन्व्हर्टरवर आणि पेटी थेट विजेवर, ही मांडणी अनेकदा आढळते आणि तिच्यात मोबाईलवर वाय-फायची खूण पूर्ण दिसत असूनही इंटरनेट नसते. जुन्या अ‍ॅडॉप्टरचे दाब भार पडताच खाली येणे हेही ‘कारणाविना’ पुन्हा सुरू होणाऱ्या राउटरचे नेहमीचे कारण आहे.

काचतंतू वीजवाहक नसतो, पण तारेला आधार देणारी पोलादी तार, तांब्याची नेटवर्क केबल आणि अ‍ॅडॉप्टर हे वीजवाहक असतात. मे अखेरच्या आणि परतीच्या पावसाच्या गडगडाटात अ‍ॅडॉप्टर प्लगमधून काढून ठेवणे इष्ट असते.

गर्दी

२.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील शेजारचे चॅनल ५ मेगाहर्ट्झ अंतरावर आहेत, तर प्रत्येक संकेताला सुमारे २० मेगाहर्ट्झ जागा लागते. त्यामुळे १, ६ आणि ११ हे तीनच चॅनल एकमेकांना न छेदता नेहमी वापरले जातात. दाट वस्तीच्या इमारतींत ५ गिगाहर्ट्झकडे वळणे श्रेयस्कर. वाडीत सुट्या असलेल्या घरांत शेजाऱ्यांची अडचण कमी असते. मायक्रोवेव्ह भट्टी सुमारे २.४५ गिगाहर्ट्झवर चालते. जेवणाच्या वेळेलाच तुटणाऱ्या जोडणीमागे ती असू शकते.

कोकणातील घरांत वेगळ्या प्रकारची गर्दी गणेशोत्सवात होते. एरवी दोघे-तिघे राहत असलेल्या घरात मुंबईहून चाकरमानी येतात आणि पाच उपकरणांचा राउटर तीस मोबाईलना जोडला जातो. एका चॅनलवर एका वेळी एकच उपकरण बोलू शकते. परसात उभा राहून क्षीण संकेतावर चित्रफीत पाहणारा मोबाईल तीच माहिती मिळवण्यास राउटरजवळच्या मोबाईलपेक्षा कितीतरी अधिक वेळ हवा अडवतो, आणि त्याची किंमत सर्वांना मोजावी लागते. सेवादात्याकडून अधिक वेगाची योजना घेतल्याने ही अडचण सुटत नाही.

रिपीटर आणि दुसरा राउटर

संकेत न पोहोचणाऱ्या खोलीत रिपीटर लावणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. रिपीटर ऐकलेलेच पुन्हा सांगतो; त्याला नीट ऐकू येईल अशा मधल्या जागी तो असावा लागतो. एकाच पट्ट्यावर ऐकणे आणि बोलणे करणारा रिपीटर वेग साधारण निम्मा करतो. जाड भिंतींच्या घरात खिडकीतून किंवा माळ्यावरून नेटवर्क केबल (मर्यादा १०० मीटर) मागील खोलीपर्यंत नेऊन तेथे दुसरे प्रक्षेपक उपकरण बसवणे खर्चात थोडे आणि परिणामात पुष्कळ सरस ठरते. मेश संचांनाही शक्य तेथे केबलनेच जोडावे.

त्यासाठी जुना राउटर वापरताना त्यातील पत्ते वाटणारी डीएचसीपी सुविधा बंद करावी आणि त्याचा स्वतःचा पत्ता बदलावा. अन्यथा एका घरात दोन पत्तेवाटप करणारे होतात. काही उपकरणांना चुकीचे प्रवेशद्वार मिळते, तर काहींना योग्य. कोणाचे चालेल हे मग जोडणीच्या क्षणावर ठरते, आणि घरातील प्रत्येक जण दुसऱ्याच्या मोबाईलला दोष देतो. जुन्या उपकरणावरील टीकेआयपी ही सुरक्षापद्धतीही तपासावी, कारण ती निवडल्यास वेग ५४ मेगाबिटवर अडकतो. डब्ल्यूपीए२-एईएस किंवा डब्ल्यूपीए३ वापरावे.

नोंदी आणि तक्रार

अधूनमधून होणाऱ्या बिघाडात आठवडाभराच्या नोंदी उपकरणांपेक्षा अधिक सांगतात. वेळ, खोली, पट्टा, दिव्यांची स्थिती, पाऊस अथवा वीज गेली होती काय, आणि केबलवरही खंड पडला काय, एवढे एका वहीत पुरते. ‘इंटरनेट नीट चालत नाही’ या तक्रारीवर दूरध्वनीवरून राउटर पुन्हा सुरू करण्यास सांगितले जाते. ‘मंगळवारपासून लॉसचा दिवा चार वेळा लाल झाला, प्रकाशाची पातळी उणे २९ दिसते, केबलवरही तोच खंड आहे’ अशी तक्रार आल्यास मात्र खांबावर चढणारा माणूस पाठवावा लागतो. दुरुस्तीनंतर तोच आकडा पुन्हा पाहून वहीत लिहावा. जोड नीट बसला असेल तर तो काही डेसिबेलने सुधारलेला दिसतो.