रंग शेवटी, आधी बेड

भंडारा जिल्ह्याची ओळख सांगताना धान, तलाव, पितळ, मँगनीज ही नावं येतात. लेथचं नाव कुणी घेत नाही. तुमसर तालुक्यातल्या चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणी घ्या, नाहीतर धान भरडणाऱ्या राईस मिल घ्या. शाफ्ट झिजला, बेअरिंग ढिलं झालं, पुलीचं भोक मोठं झालं की गाडी शेवटी एखाद्या टर्नरच्या दारात येऊन थांबते. धान निघाल्यावर मिल दिवसभर बंद ठेवणं कुणालाच परवडत नाही. जवळच्या बाजारपेठेत लेथ चालू असली म्हणजे मालकाला झोप लागते. म्हणून भंडारा, तुमसर, साकोली, लाखनी अशा गावांत रस्त्याकडेला वेल्डिंगच्या ठिणग्यांआड एखादी तेलकट लेथ असायचीच.

या धंद्यात लेथ ओळखतात ती बेडच्या, म्हणजे बाकीचे भाग ज्यावर बसतात त्या बिडाच्या पाटाच्या लांबीवरून : साडेचार फुटी, सहा फुटी, आठ फुटी. दुसरी ओळख हेडस्टॉकची. दांड्या फिरवून वेग बदलणारी ती ‘ऑल गिअर’. पायऱ्यापायऱ्यांच्या पुलीवर पट्टा सरकवून वेग बदलावा लागतो ती ‘कोन पुली’. नवं यंत्र आलं की कोन पुलीवाली आधी कोपऱ्यात जाते, मग छपराखाली, आणि शेवटी वजनावर भंगारात. बिडाला किलोचा भाव ठरलेला असतो. त्या बिडात किती हजारांश इंचाचं काम दडलंय, याचा भाव काटा दाखवत नाही.

माझ्या घरामागच्या शेडमधली लेथ अशीच तुमसर तालुक्यातल्या एका बंद पडलेल्या मिलमधून आली. साडेचार फुटी, तीन पायऱ्यांची कोन पुली, पुढे बॅक गिअर, खाली बिडाचे दोन पाय. नावाची पाटी नाही. दोन छिद्रं तेवढी शिल्लक आहेत, एका कोपऱ्यात तुटका रिव्हेट अडकलेला. पंजाबातल्या बटाल्याची असेल किंवा गुजरातेतल्या राजकोटची. दोन्हीकडे ओतशाळा आणि लेथ बनवणारे कारखाने दाटीवाटीनं उभे राहिले, आणि अनेकांनी विलायती नमुने समोर ठेवून लेथ ओतल्या.

त्यामागे इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धात बाहेरून यंत्रं येणं आटलं. 1941 मध्ये किर्लोस्करांनी हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर हा कारखाना काढला आणि तिथल्या लेथ देशभर गेल्या. 1953 साली बंगळुरात एचएमटी उभी राहिली. पण मोठ्या कारखान्याची लेथ परवडणारं गिऱ्हाईक वेगळं, आणि राईस मिलचे हलर दुरुस्त करून पोट भरणारा मिस्त्री वेगळा. बिनपाटीच्या लेथ या मिस्त्र्यासाठी होत्या. औद्योगिक प्रगतीच्या पुस्तकांत त्यांना जागा मिळाली नाही, हे मला अन्यायाचंच वाटतं. खेड्यापाड्यांतली यंत्रं चालती ठेवण्याचं निम्मं काम त्यांनी केलं.

जुनी लेथ पाहायला गेलात तर चकाकीकडे पाहू नका. भंगारवालाही हिरवा रंग मारायला शिकलाय. सॅडल, म्हणजे टूल घेऊन बेडवर सरकणारा भाग, काम धरणाऱ्या चकाजवळ आणा आणि जिबचा स्क्रू आवळून ते जेमतेम सरकेल असं करा. मग ते दुसऱ्या टोकाच्या टेलस्टॉककडे ढकला. मध्येच अडलं तर समजा, चकाजवळचा बेड झिजलाय. नव्याण्णव टक्के लेथवर हे होतंच, कारण बहुतेक काम आखूड असतं आणि सॅडल त्या हातभर जागेतच आयुष्यभर ये-जा करतं. टोकाचा बेड मात्र जवळपास कोरा राहतो. नंतर बॅक गिअरचे दात पाहा. एखादा तुटून पितळेनं भरलेला सापडतो; त्यात वाईट काही नाही, कुणीतरी नीट निगा घेतल्याची खूण आहे. हेडस्टॉकच्या स्पिंडलचे आटे मात्र खाल्लेले असतील तर किंमत अर्ध्यावर आणा.

खोलताना एकच नियम : प्रत्येक पुरजा वेगळ्या डब्यात, आणि डब्यात चिठ्ठी. आमच्याकडचा पावसाळा लोखंडाला फार जवळचा. वैनगंगेच्या काठी आषाढात रात्रभर उघडा राहिलेला स्पिंडल सकाळी तांबूस दिसतो. जुना, रुजलेला गंज पॉलिश पेपरनं घासू नये, त्यानं मापाचा धातूही निघून जातो. प्लास्टिकच्या टबात पाणी, त्यात धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जरचं ऋण टोक पुरज्याला आणि धन टोक लोखंडी पत्र्याच्या तुकड्याला. रात्रभरात गंज काळा, भुसभुशीत होऊन ब्रशनं निघतो, खालचं लोखंड जसंच्या तसं राहतं. पत्रा स्टेनलेसचा घेऊ नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. टबातून हायड्रोजन निघतो, म्हणून शेडचं दार उघडं हवं आणि बिडी बाहेर.

खरं काम सुरू होतं हेडस्टॉकपासून. माझ्या लेथच्या स्पिंडलला गनमेटलचे चिरलेले बुश आहेत, वर टोपी आणि टोपीखाली पातळ पत्र्यांच्या शिम. तेलाच्या भोकांत कुणीतरी वर्षानुवर्षं ग्रीस कोंबलं होतं. ग्रीस बिडाच्या कचऱ्याला धरून ठेवतं, आणि तो कचरा बुश खात बसतो. रॉकेलनं सगळं धुऊन काढल्यावर डायल गेज स्पिंडलवर टेकवायचा आणि चकाखाली लाकडी दांडका घालून वर उचलायचं. काटा एक-दीड थाऊ हलला तर छान. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, 0.0254 मिलिमीटर. त्याहून जास्त हलला तर एक शिम कमी करा. पार शून्यावर आणायचा हट्ट नको. तेलाला थर धरायला जागा लागते, ती नसली की बुश तापतो आणि धरतो. चालवल्यावर हेडस्टॉक कोमट लागावा, हात मागे घ्यावा लागू नये.

बेड हा पुढचा आणि मोठा प्रश्न. झिजलेला बेड परत सपाट करायचा तर तो ग्राइंडिंगला पाठवायचा किंवा हातानं स्क्रेपिंग करायचं. हातानं म्हणजे सरळ पट्टीला निळा रंग चोळून बेडवर फिरवायची, जिथं निळं उमटेल तो उंचवटा, तो जुन्या कानशीला धार काढून केलेल्या स्क्रेपरनं खरडायचा, पुन्हा निळं लावायचं. इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थनं सपाट पृष्ठभाग तयार करायची रीत पक्की केली, त्याला दोनशे वर्षं व्हायला आली. तीन पाट एकमेकांवर आळीपाळीनं घासत गेलं की तिन्ही सपाट होतात, कारण दोन खोटे पाट एकमेकांत बसू शकतात, तीन नाही. एवढी हुशारी कागदावर वाचायला सोपी; बेडवर करायला हात आणि हिवाळा दोन्ही लागतात.

माझं मत असं की, घरच्या कामाला बहुतेकदा स्क्रेपिंग नको. चकाजवळ तीन-चार थाऊ झिजलेली लेथ पितळी बुश, पिन, पुलीचं भोक सगळं मुकाट करते. कामाचं माप बिघडतं ते झिजेपेक्षा पिळामुळे. लेथचे दोन पाय ओबडधोबड जमिनीवर आवळले की बिडाचा बेडही पिळतो. आमच्याकडच्या कन्हार मातीवर शेड असेल तर जपायलाच हवं : ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून आधी खाली जाड काँक्रीट, मग बारीक लेव्हल बेडवर आडवी ठेवून पायाखालच्या पट्ट्या कमी-जास्त करायच्या, दोन्ही टोकांना बुडबुडा सारखा येईपर्यंत. मग गोल सळईवर दोन जागी कडी सोडून दोन्हींचं एकाच बैठकीत टर्निंग करायचं आणि मायक्रोमीटरनं पाहायचं. दोन्ही व्यास सारखे आले म्हणजे पीळ गेला. दिवाळीत एकदा पुन्हा पाहावं, पाऊस गेल्यावर जमीन बसलेली असते.

सगळ्यात मजेचा भाग आट्यांचा. आटे पाडताना सॅडल ओढणारा या लेथचा लीड स्क्रू इंचाला आठ आट्यांचा. वजनमापांचा कायदा 1956 चा, पण वर्कशॉपच्या तोंडी अजूनही सूतच आहे. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. जुन्या मिलचे बोल्ट व्हिटवर्थचे, ते ही लेथ डोळे मिटून पाडते. आजचा दहा एमएमचा बोल्ट मात्र दीड मिलिमीटरचा आटा मागतो. इंच बरोबर 25.4 मिलिमीटर, म्हणजे पाच इंच 127 मिलिमीटर, आणि 127 ही मूळ संख्या. तिला भाग जात नाही, त्यामुळे अचूक मेट्रिक आटा पाडायला 127 दातांचाच गिअर लागतो. माझ्या गिअरच्या मापात तो सव्वासहा इंचांहून मोठा होतो आणि बाजूच्या कंसात मावतच नाही.

यावर जुन्या टर्नरांची युक्ती आहे 63 दातांच्या गिअरची. चालवणारे 63 आणि 30, चालणारे 80 आणि 50 अशी मांडणी केली की दीड मिलिमीटरचा आटा पडतो. खोटेपणा आठ हजारांत एक. पंचवीस मिलिमीटर लांबीच्या बोल्टवर तीन हजारांश मिलिमीटरचा फरक, एका थाऊचा आठवा हिस्सा. नट बिनतक्रार चढतो. पथ्य एकच : इंची लीड स्क्रूवर मेट्रिक आटा पाडताना लीड स्क्रूला धरणारा हाफ नट मध्ये उघडायचा नाही. उघडला की पुढचा कट भलत्याच खाचेत बसतो. टूल मागे घ्यायचं, मोटर उलटी फिरवून सॅडल परत आणायचं, मग पुढचा कट.

उलटी फिरवण्यातही मेख आहे. जुन्या लेथवर चक स्पिंडलच्या आट्यांवर नुसता फिरवून बसवलेला असतो. उलट्या दिशेनं जोरात कट घेतला तर तो सुटत जातो, आणि बिडाचा जड चक बेडवर पडला तर बेडही जातो, पायही. म्हणून हलकं, सावकाश. चकाची चावी कधीही चकात सोडायची नाही, हातमोजे घालायचे नाहीत, सैल बाही आणि गळ्यातला गमछा बाहेर. हे सांगायला लाज वाटू नये. शहाण्या टर्नरांची बोटं याच गोष्टींत गेली आहेत.

विजेचं कोडं आता सोपं झालंय. मिलमध्ये थ्री फेज होती, घरी सिंगल फेज. एक हॉर्सपॉवरची थ्री फेज मोटर डेल्टात जोडून व्हीएफडीवर, म्हणजे सिंगल फेजवरून थ्री फेज देणाऱ्या वेगनियंत्रकावर चालवली की वेग बटणावर येतो. तरी बॅक गिअर टाकून देऊ नका. व्हीएफडीनं वेग कमी केला की मोटरची ताकदही पडते. बॅक गिअर वेग कमी करून ताकद वाढवतो. आटे पाडताना, मोठा फेस काढताना त्याचीच गरज लागते. चामड्याच्या पट्ट्याऐवजी आता चिकटवून जोडायचे सपाट नायलॉन पट्टे मिळतात, ते घसरत नाहीत आणि जोडावर टकटक करत नाहीत.

टूल आडवं सरकवणाऱ्या क्रॉस स्लाइडचा नट झिजून पाव फेरा मोकळा फिरत होता. त्याच झिजलेल्या लेथवर गनमेटलचा नवा नट केला : बाहेरून टर्निंग, आत बोरिंग, डावे आटे. पितळ आणि गनमेटल या लेथला आवडतं. टूलला वरचा उतार न देता सपाट ठेवायचं, नाहीतर टूल स्वतःच आत ओढलं जातं. नट बसवल्यावर मोकळी फिरत चार-पाच थाऊंवर आली. आपला पुरजा आपणच दुरुस्त करणारं दुसरं यंत्र घरात कुठलं असतं, ते मला सुचत नाही.

येणाऱ्यांचा पहिला प्रश्न असतो, “रंग कधी मारता भाऊ?” आतल्या बाजूच्या जुन्या थरांखाली राखाडी रंग सापडला आहे, त्याच्याशी जुळणारा डबाही आणून ठेवलाय. पण टेलस्टॉक अजून थाऊभर खाली आहे, त्याच्या पायाखाली शिम घालून सेंटर जुळवायचं बाकी आहे. ते झालं की मग पाहू, आणि तेही दमट हवा ओसरल्यावर.