एका दगडावर चार तास

वाशिमजवळच्या हिस्से बोराळ्याला एक कोरीव लेख सापडला. मजकूर थोडका. वाकाटक राजा देवसेनाच्या स्वामिल्लदेव नावाच्या अधिकाऱ्याने 'सुदर्शन' नावाचं तळं बांधलं, एवढीच बातमी. वर्ष शके 380. पण कोरणाऱ्याचं तेवढ्यावर भागलेलं नाही. तेव्हा सप्तर्षी उत्तरा नक्षत्रात होते, हेही त्याने लिहून ठेवलं!

आता हा दगड आठवीच्या वर्गात कोणी शिकवायचा?

इतिहासाचे सर म्हणतील, आमचाच. वत्सगुल्म म्हणजे आजचं वाशिम, तीच देवसेनाची राजधानी. याच देवसेनाचा मुलगा हरिषेण, आणि हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचं 16 नंबरचं लेणं बौद्ध भिक्षुसंघाला दान दिलं. गणिताच्या बाई 380 मध्ये 78 मिळवून इसवी सन 458 काढून देतील. इथवर सोपं आहे.

सप्तर्षींपाशी मात्र गाडी अडते. उत्तरा नक्षत्र मुलांना घरूनच ठाऊक असतं. मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त ही पावसाची नावं सोयाबीनच्या बांधावर रोज निघतात. पण ती सूर्याची नक्षत्रं, वर्षाला फिरून येणारी. सप्तर्षी एकेका नक्षत्रात शंभर वर्षं राहतात, असं जुनी परंपरा मानते. वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'तही ते आहे. 27 नक्षत्रं, म्हणजे पूर्ण फेरा 2700 वर्षांचा. विज्ञानाचे सर हसून सांगतील की तारे असे घर बदलत नाहीत. खरंच आहे. मग दगड खोटं बोलतो? इथे एकट्या विज्ञानाचं काम भागत नाही. शतकं मोजायला कुणीतरी सात ऋषींना आभाळात चालायला लावलं, ही कल्पना उलगडायला श्रद्धेची भाषा समजून सांगणारं माणूस लागतं.

आणि नेमका तोच तास वेळापत्रकात नाही. नॉर्वेत पहिलीपासून दहावीपर्यंत धर्म आणि नीतिशास्त्राचा स्वतंत्र विषय असतो. आपल्या संविधानाच्या 28व्या कलमानुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. धर्मांविषयी माहिती देणं ही वेगळी गोष्ट, असं सर्वोच्च न्यायालयाने 2002 साली अरुणा रॉय खटल्यात स्पष्ट केलं. त्यामुळे आपल्याकडे धर्म कधी मराठीच्या अभंगात येतो, कधी इतिहासाच्या धड्यात. मला हे विखुरलेपण आवडतं. फक्त मधल्या सुट्टीत चहा घेताना चौघांनी एकमेकांना विचारायला हवं, 'तुमचा तो धडा कधी आहे?'

मराठीच्या बाई राहिल्याच की! सुदर्शन म्हणजे दिसायला सुंदर, आणि सुदर्शन म्हणजे विष्णूचं चक्रही. तिकडे गिरनारच्या पायथ्याशी याच नावाचं मौर्यकाळातलं तळं होतं. त्याचा बांध फुटला आणि गुप्त सम्राट स्कंदगुप्ताच्या काळात, इसवी सन 456च्या सुमारास, चक्रपालित नावाच्या अधिकाऱ्याने तो पुन्हा बांधला. शेजारी चक्रधारी विष्णूचं देऊळही उभारलं. त्यानंतर दोनच वर्षांनी वाशिमजवळ दुसरं सुदर्शन!

गिरनारची बातमी वत्सगुल्मापर्यंत पोचली होती का? आठवीतल्या एखाद्या पोरीने हे विचारलं, तर भूगोलाच्या सरांना नकाशा घेऊन यावं लागेल. म्हणजे तास झाले पाच.