मोहाला किती गुण?

फाल्गुन सरत आला की नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात मोहाखालची जमीन ओसरीसारखी लख्ख होते. फुले टपटपायला लागण्याआधी घरातली माणसे पालापाचोळा दूर करतात, कारण कचऱ्यात पडलेले फूल वेचायला दुप्पट वेळ लागतो. कोणते झाड कोणत्या घराचे, हे पाड्यावर पोरासोरांनाही ठाऊक असते. पहाटे टोपल्या घेऊन बाया आणि मुले तिथे बसतात. इतक्या निगुतीने राखलेली जमीन मी शहरातल्या उद्यानांतही क्वचित पाहिली आहे. तरीही गाव सुंदर करण्याच्या ज्या ज्या स्पर्धांची गुणपत्रके माझ्या हाती आली, त्यांपैकी एकातही या जमिनीसाठी रकाना नव्हता.

अशा स्पर्धांचा इतिहास फार जुना नाही. आयर्लंडमध्ये 1958 साली पर्यटन मंडळाने नीटनेटक्या गावांची स्पर्धा सुरू केली. पहिल्या वर्षी 52 गावे उतरली आणि डोनेगल परगण्यातले ग्लेन्टीज पहिले आले. पुढच्याच वर्षी फ्रान्सने फुललेल्या गावांची स्पर्धा काढली. ती पाहून आलेल्या रॉय हे नावाच्या बागतज्ज्ञाच्या सूचनेवरून 1963-64 मध्ये ब्रिटनमध्येही अशीच स्पर्धा उभी राहिली. खिडकीखालच्या कुंड्या, चौकातले ताटवे, स्टेशनवरच्या झुलत्या टोपल्या असे तिचे रूप. राबणारी माणसे बहुतेक हौशी बागप्रेमी मंडळांतली.

आपल्याकडे ही हौस शहरात रुजली. 1830 साली स्थापन झालेली अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास पुष्पप्रदर्शन भरवते. गुलाब, शेवंती, बोन्साय, पुष्परचना यांसाठी तिथे चढाओढ असते. ती बघायला मलाही आवडते. पण ती कुंडीची स्पर्धा आहे. गावाची स्पर्धा महाराष्ट्रात वेगळ्याच माणसाच्या नावाने आली.

2000-01 साली ग्रामविकासमंत्री आर. आर. पाटील यांनी संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. गाडगेबाबा गावात शिरताच खराटा हाती घेत, दिवसभर गल्ल्या झाडत आणि रात्री कीर्तनातून माणसांची मने. अभियानाने तोच क्रम उचलला: आधी श्रमदान, मग बक्षीस. राज्यात पहिल्या येणाऱ्या गावाला 25 लाख रुपये मिळत. पण खरी जादू पैशाची नव्हती. शेजारच्या गावाने नंबर काढला आणि आपण मागे राहिलो, ही टोचणी मोठी होती. तालुक्याच्या गावी कधी न गेलेल्या बाया तपासणी समितीसमोर उभ्या राहून गावाच्या शोषखड्ड्यांविषयी बोलू लागल्या. उकिरडे हलले, गटारे वाहती झाली, रस्त्याकडेला झाडे लागली. ही चळवळ मी आजही महाराष्ट्राच्या अलीकडच्या सर्वांत मोठ्या लोकशिक्षणांपैकी एक मानतो.

तिची मर्यादा नंदुरबारमध्ये दिसते. 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात सहा तालुके आहेत, पण भूगोल दोन. तापीकाठची शहादा-नंदुरबारची काळी सपाटी, आणि सातपुड्यातले धडगाव-अक्कलकुवा. सपाटीवरच्या गावाला गावठाण असते, चौक असतो, मारुतीचे देऊळ असते, शाळेची भिंत रस्त्याला लागून असते. समितीची गाडी चौकात थांबली की अर्धे गाव नजरेत येते. सातपुड्यातल्या गावाला चौकच नसतो. भिल्ल आणि पावरा कुटुंबाचे घर आपापल्या शेतात, उतारावर. एका महसुली गावाचे अनेक पाडे, आणि एका पाड्यावरून दुसऱ्यावर जायला टेकडी उतरून चढावी लागते. अशा गावाला ‘प्रवेशद्वार सुशोभित आहे काय’ हा प्रश्न विचारून काय कळणार? मग एखाद्या रस्त्यालगतच्या पाड्यावर बुंध्यांना गेरू आणि चुन्याचे पट्टे ओढले जातात, दारापुढे शोभेच्या कुंड्या मांडल्या जातात, आणि चैत्रात त्या कुंड्यांत वाळक्या काड्या उरतात. दोष गावाचा नाही. डोंगरातली बाई हंडा घेऊन झऱ्यावर जाते. तिने कुंडीला पाणी कुठून घालावे?

झाडांचेही तसेच. राज्याने 2016 मध्ये 2 कोटी, 2017 मध्ये 4 कोटी, 2018 मध्ये 13 कोटी आणि 2019 मध्ये 33 कोटी वृक्ष लावण्याचा संकल्प केला. संकल्प मोठा होता, पण मोजणी खड्ड्यांची होते. रोप तिसरा उन्हाळा पार करते तेव्हाच ते झाड होते. तपासणी मात्र बहुधा हिवाळ्यात असते, जेव्हा सगळेच हिरवे दिसते.

स्पर्धेचे वेळापत्रक चोख असले तर काय घडते, ते पानी फाउंडेशनच्या वॉटर कपने दाखवले. 2016 मध्ये तीन तालुक्यांत सुरू झालेली ही स्पर्धा पुढे नंदुरबार आणि शहादा तालुक्यांतही आली. ऐन उन्हात, 8 एप्रिल ते 22 मे, 45 दिवस. गुण कशाचे? खोदलेल्या चरांचे, बांधबंदिस्तीचे, रोपवाटिकेचे. म्हणजे पावसाने तपासता येईल अशा कामांचे. सुशोभीकरण हा शब्द तिथे कुठेच नव्हता, तरी चार महिन्यांनी बघावे तर शिवार हिरवे. 2 ऑक्टोबर 2020 पासूनच्या ‘माझी वसुंधरा’ अभियानाने भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश अशी मांडणी करून सौंदर्याची व्याख्या आणखी रुंद केली, हे चांगले झाले. 17 सप्टेंबर 2025 ला सुरू झालेल्या मुख्यमंत्री समृद्ध पंचायतराज अभियानात तर राज्यातल्या पहिल्या ग्रामपंचायतीला 5 कोटी रुपये आहेत. एवढी रक्कम पाड्यांच्या गावांच्या आवाक्यात यावी, असे मला फार मनापासून वाटते.

त्यासाठी या जिल्ह्याची बाग कोणती, हे आधी ओळखायला हवे. ती परसबाग. पावसाच्या सुरुवातीला झोपडीच्या कुडाशी डांगर, दोडके, गिलके, वाल यांच्या बिया टोचल्या जातात. श्रावणात वेल छपरावर चढतो आणि घर हिरव्यात बुडते. शोभा आणि कालवण एकाच मांडवावर. बियाणे राखेत घोळून मडक्यात जपलेले असते आणि लेक सासरी जाताना थोडे तिच्याबरोबर जाते. कुपोषणाशी झगडणाऱ्या या जिल्ह्यात तो वेल म्हणजे लेकरांच्या ताटातली भाजी. म्हणून शाळांच्या परसबाग स्पर्धा आणि बचतगटांच्या ‘उमेद’ची पोषण परसबाग मोहीम मला कारंज्यांपेक्षा मोलाची वाटते. शाळेच्या हातधुण्याचे पाणी वळवून वाढवलेला शेवगा आणि पपई त्याच मुलांच्या खिचडीत उतरतात.

आणि एक नमुना शेजारीच आहे. साक्री तालुक्यातले बारीपाडा, नंदुरबारची जुनी सोयरीक. चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने या गावाने उजाड झालेले जंगल राखून पुन्हा उभे केले. 2025 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तिथे दरवर्षी पावसाळ्यात वनभाज्यांची पाककला स्पर्धा भरते. आसपासच्या पाड्यांवरच्या बाया रानातून भाज्या खुडून आणतात, रांधतात आणि मांडतात. जिचे जंगल शाबूत तिच्याच टोपलीत भाज्या अधिक. वेगळी तपासणी कशाला हवी? नंदुरबारच्या सहाही तालुक्यांत अशी स्पर्धा नेमाने व्हावी.

मला कोणी या जिल्ह्याचे गुणपत्रक करायला दिले, तर पाडा हा घटक धरेन, गाव नव्हे. झाडाचे गुण तिसऱ्या मे महिन्यात देईन. परसबागेत बियाणे घरचे किती, हे विचारेन. सपाटीवर दिवाळीनंतर नंदुरबारच्या वेशीबाहेर पसरणाऱ्या मिरचीच्या लालभडक पथाऱ्यांनाही एक रकाना देईन, कारण त्या वाळवणाऱ्या बायांइतका रंग जिल्ह्यात कोणी मांडत नाही. मोहाखालच्या जमिनीसाठी मात्र समितीला फाल्गुनातच यावे लागेल, पाड्यावर मुक्काम करावा लागेल, आणि उजाडायच्या आत टोपलीवाल्या बायांबरोबर डोंगर चढावा लागेल.